चहात साखर आमची आम्ही घालू

प्रति,
इंदुरातील सर्व मराठी मंडळे, महिला मंडळे आणि गणेशोत्सव समित्यांचे पदाधिकारी
(भोजन समितीच्या प्रमुखांनी आधी वाचावे.)

स. न. वि. वि.

श्रावण सरत आला की आपल्या बैठकांना जोर येतो. पावतीपुस्तके छापून येतात, आचाऱ्याला विसार दिला जातो, मांडववाल्याशी घासाघीस होते. यंदाच्या विषयपत्रिकेत जमाखर्च आणि 'आयत्या वेळचे विषय' यांच्या मध्ये कुठेतरी साखरेचा विषय घालावा, एवढ्यासाठी हे पत्र. आपल्या कार्यक्रमाला आलेल्या माणसाने किती साखर खायची, हे आज मंडळ ठरवते. थर्मासमधला चहा गोडच येतो. कोजागिरीचे दूध गोडमिट्ट असते. पाठांतर स्पर्धेतल्या मुलांच्या हातात चॉकलेटे पडतात. आणि नको म्हणून ताटावर हात आडवा धरणाऱ्याला 'एकाने काय होतंय' असे म्हणत वाढपी बोटांच्या फटीतून गुलाबजाम सोडतो. किती गोड खायचे ते ज्याचे त्याला ठरवू द्या, ही माझी विनंती आहे.

गोड बंद करा, असे मी म्हणत नाही. रात्री अकरा वाजता सराफ्याच्या खाऊबाजारात रबडीसाठी गर्दी करणाऱ्या गावात असे म्हणणारी बाई वेडीच ठरेल. शिवाय रविवारी पोह्यांबरोबर मलाही जिलेबी लागते.

मी डॉक्टर नव्हे. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते. लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर या भागांतले बरेचसे मराठी दंड माझ्या ओळखीचे आहेत. सकाळी उपाशीपोटी आलेली माणसे सुईकडे बघायला नको म्हणून बोलत राहतात. सणासुदीच्या दिवसांत तर बोलणे ठरलेलेच: 'काल मंडळाचा कार्यक्रम होता हो, आज जरा जास्तच येईल.' काही हुशार लोक तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस गोड सोडून येतात, रिपोर्ट चांगला यावा म्हणून. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करावा, तसे. उपाशीपोटीची शुगर त्याने थोडी सावरतेही. पण बरोबर दुसरी तपासणी असते, एचबीए१सी, जिला सगळे 'तीन महिन्यांची' म्हणतात. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते आणि तांबडी पेशी जगते सुमारे १२० दिवस. तोवर ती खूण पेशीवर राहते. तीन दिवसांच्या उपासाने ती पुसली जात नाही. ५.७ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. दिवाळीनंतर ही तपासणी केली तर गणपतीपासूनचा सगळा हिशेब त्या एका आकड्यात उतरलेला असतो.

तुमच्या पंगतीत असे किती लोक असतात, याचा अंदाज बांधता येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली आले. देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर. प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, शहरांत १६.४. म्हणजे शंभर मोठी माणसे पानावर बसली, तर सोळा जणांना शुगर आहे आणि साधारण तेवढेच लोक तिच्या वाटेवर आहेत. हे झाले वीस वर्षांपासून पुढच्या सगळ्यांचे. आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांना येणाऱ्यांची वये तुम्हाला ठाऊक आहेत, तेव्हा आकडा मनातल्या मनात वाढवून घ्या.

'पण आमच्याकडचे लोक काही लठ्ठ नाहीत', असे एका कार्यकर्त्यांनी मला ऐकवले होते. त्यांच्यासाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची गोष्ट. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, अगदी सारखा, २२.३. दोघेही बघायला सडपातळ. पण यूडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्याकडची माणसे बारीक दिसतात आणि चरबी पोटात, आतल्या अवयवांभोवती साठवून असतात. त्यामुळे कोणाच्या अंगाकडे बघून 'तुला काय धाड भरलीय, खा' म्हणण्यात अर्थ नाही.

आता मापे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले, की वरून घातलेली साखर, मध, सरबते, फळांचे रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी ही मर्यादा ५० ग्रॅम. पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास राहिले तर आणखी बरे. २५ ग्रॅम म्हणजे चहाचे सपाट सहा चमचे.

हे माप घेऊन आपल्या स्वयंपाकघरात या. श्रीखंडाचे जुने प्रमाण काय? जेवढा चक्का तेवढी साखर. म्हणजे शंभर ग्रॅमच्या वाटीत पन्नासेक ग्रॅम साखर. दिवसाचा वरचा कोटा एका वाटीत संपला, आणि पाडव्याला एका वाटीवर थांबणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. कोजागिरीचे दूध घ्या. दहा लिटर दुधाला किलोभर साखर हा आचाऱ्याचा नेहमीचा हिशेब. २०० मिलीच्या पेल्यात २० ग्रॅम, दुसरा पेला घेतला की ४०. आटवले तर त्याहून जास्त. पुरणाला डाळीच्या बरोबरीने गूळ. दोन चमचे साखरेचा मंडळाचा चहा कार्यक्रमाच्या आधी एक आणि मध्यंतरात एक, हेच झाले सोळा-सतरा ग्रॅम. तरुण मुलांसाठी म्हणून कोल्ड्रिंकच्या बाटल्या ठेवता, त्यात दर १०० मिलीला साडेदहा ग्रॅमच्या आसपास साखर असते. सराफ्यातला जलेबा, म्हणजे भली मोठी जिलेबी, निदान उघडपणे जलेबा असतो, खाणाऱ्याला कळते आपण काय खातोय. चहातली आणि सरबतातली साखर हिशेबात धरलीच जात नाही.

'आम्ही गूळ वापरतो', हे उत्तर मला दर वेळी मिळते. गुळात थोडे लोह असते, थोडी खनिजे असतात, चवही निराळी. पण बाकी बहुतांश साखरच, आणि रक्तात ती साखरेसारखीच चढते. मधाचेही तेच. 'शुगर-फ्री' बर्फी हा आणखी एक प्रकार, तिच्यातला खवा काही हवेतून येत नाही. वजन उतरवण्यासाठी कृत्रिम गोडीचा आधार घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगून ठेवले आहे.

या साखरेचे पोटात गेल्यावर काय होते ते थोडक्यात सांगते. साखरेचा रेणू म्हणजे अर्धा ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळ्या शरीराला लागतो आणि त्याला पेशींत नेऊन सोडायला इन्सुलिन लागते. फ्रुक्टोजचा बराचसा भार एकट्या यकृतावर पडतो. थोडा असेल तर यकृत निभावते; रोज भरमसाट आला, तर त्याची चरबी करून ठेवते. दारूचा थेंबही न घेतलेल्या काकूंच्या सोनोग्राफीत 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' लिहून येते आणि त्या मला कुजबुजत विचारतात, 'अगं, हे तर पिणाऱ्यांना होतं ना?' यकृतात चरबी साठली की ते इन्सुलिनला दाद देईनासे होते. स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन ओतते, वर्षानुवर्षे ओतत राहते, आणि एक दिवस थकते. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढतात, रक्तदाब वाढतो. साखर खाल्ली म्हणून उद्या मधुमेह होत नाही. लहान मुलांना बहुधा जो टाइप वन मधुमेह होतो, त्याचा तर साखर खाण्याशी संबंधच नाही. त्या मुलांच्या आयांना दोष देणे कृपया थांबवा. पण बहुधा मोठ्यांना होणाऱ्या टाइप टू मधुमेहाच्या बाबतीत गोड पेये हा ठळक धोका आहे, कारण प्यायलेल्या साखरेने पोट भरल्यासारखे वाटत नाही आणि जेवण काही कमी होत नाही.

मनाविषयी मात्र सावकाश लिहायला हवे, कारण त्याबद्दल दोन्ही बाजूंनी भलतेसलते बोलले जाते. गोड खाल्ले की मुले अंगात आल्यासारखी नाचतात, असे आपण समजतो. १९९५ मध्ये यावरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा अमेरिकेत घेतला गेला. मुलांना साखर दिली की गोडीचा दुसरा पदार्थ, हे कोणालाच न सांगता केलेले हे प्रयोग होते आणि त्यांत साखरेमुळे वागण्यात फरक दिसला नाही. मांडवात मुले धावतात ती मांडव असतो म्हणून धावतात. मोठ्यांचा समज उलटा आहे: कंटाळा आला, गोड खाल्ले, तरतरी आली. २०१९ मधल्या आढाव्यात ३१ अभ्यास एकत्र तपासले, त्यात मनःस्थिती सुधारल्याचे काही आढळले नाही. उलट अर्ध्या तासात थकवा वाढलेला आणि तासाभरात सावधपणा कमी झालेला दिसला. संध्याकाळच्या व्याख्यानाआधी गोड चहा आणि जिलेबी देऊन पहिल्या रांगेतल्यांच्या डुलक्या मोजत बसता, त्याचे थोडे कारण इथे असू शकेल. बाकीचे वक्त्याकडे.

लांब पल्ल्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. लंडनमधल्या सरकारी नोकरांचा अनेक वर्षे पाठपुरावा करणारा 'व्हाइटहॉल टू' नावाचा अभ्यास आहे. २०१७ साली त्यातून निघाले, की गोड पदार्थ आणि पेयांतून दिवसाला ६७ ग्रॅमपेक्षा जास्त साखर खाणाऱ्या पुरुषांमध्ये पाच वर्षांनंतर चिंता-नैराश्यासारखे त्रास उद्भवण्याची शक्यता कमी साखर खाणाऱ्यांपेक्षा २३ टक्क्यांनी जास्त होती. मन खचलेला माणूस गोडाकडे वळतो म्हणून असे दिसत असेल, ही शंका संशोधकांनाही होती. ती त्यांनी तपासली आणि तिला आधार मिळाला नाही. तरी हा एक निरीक्षणाचा अभ्यास आहे. साखरेने नैराश्य येते, असे तेवढ्यावरून ठोकून देणार नाही. मधुमेह आणि नैराश्य यांची जोडी मात्र पक्की ठाऊक आहे. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्य इतरांच्या दुपटीच्या आसपास आढळते, आणि एकाने दुसरे वाढते.

ते कसे वाढते, हे तुमच्या हळदीकुंकवात बघा. पस्तिशीतली बाई, नुकतेच औषध सुरू झालेले, सासरी अजून सगळ्यांना सांगितलेले नाही. तिच्यापुढे ताटली येते. नको म्हणाली तर चारचौघींत कारण विचारले जाणार. कारण सांगितले तर 'अगंबाई, एवढ्यात?' ऐकावे लागणार आणि घरी जाईपर्यंत बातमी तिच्या आधी पोचलेली. म्हणून ती खाते. मग दोन दिवस स्वतःवर चिडते, रिपोर्ट घ्यायला येतच नाही, किंवा येते आणि कागद न बघता पर्समध्ये घालते. वयस्कर पुरुष दुसरे टोक गाठतात: कार्यक्रमालाच येणे बंद करतात. 'तिथे गेलो की खावंच लागतं' म्हणून घरी बसलेले दोन काका मला माहीत आहेत. एकटेपणाने त्यांचे काय होत असेल ते सांगायला लॅब नको. माळव्याची मनुहार आणि आपला मराठी आग्रह, दोन्ही एकाच ताटात आले की बिचाऱ्याने जायचे कुठे?

आता मुले. पाठांतरात पहिला आला, चॉकलेटचा डबा. भाग घेतला, दोन टॉफ्या. आरतीला आला, पेढा. दातांच्या बाबतीत साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचे. तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात आणि दर वेळी दाताच्या कवचाची थोडी झीज होते. लाळेला ती भरून काढायला अर्धा तास किंवा जास्त लागतो. दहा दिवस मांडवात दर तासाला काहीतरी चघळणाऱ्या मुलाच्या लाळेला ती उसंत मिळतच नाही. सीबीएसईने २०२५ मध्ये आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले: कोणत्या खाण्यात किती साखर, हे मुलांना दिसावे म्हणून. त्या परिपत्रकानुसार चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या ऊर्जेतला १३ टक्के वाटा साखरेचा आणि अकरा ते अठरा वर्षांच्या मुलांचा १५ टक्के, जिथे तो पाच हवा. शाळेत फलक वाचून मूल संध्याकाळी आपल्याकडे येते आणि आपण त्याला श्लोक म्हटल्याबद्दल साखर देतो.

तुमची सभागृहे डोहाळेजेवणांना आणि बारशांना भाड्याने जातात, म्हणून एक गोष्ट त्या बाजूची. ब्रिटनमध्ये महायुद्धापासून साखर रेशनवर होती, ती सप्टेंबर १९५३ मध्ये खुली झाली. लोकांचे खाणे दिवसाला सुमारे ४० ग्रॅमवरून जवळजवळ दुप्पट झाले. संशोधकांनी रेशन उठण्याच्या थोडे आधी आणि थोडे नंतर जन्मलेल्यांची तुलना २०२४ मध्ये 'सायन्स'मध्ये मांडली. ज्यांचे पोटातले दिवस आणि पहिली वर्षे रेशनच्या साखरेवर गेली, त्यांच्यात पुढे उतारवयात टाइप टू मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी. ज्यांना मधुमेह झाला, त्यांनाही साधारण चार वर्षे उशिरा. रेशनच्या साखरेच्या रांगा आपल्याही ज्येष्ठांना आठवतात, आणि त्या परत याव्यात असे कोणी म्हणणार नाही. पण ओटीभरणाला आलेल्या बाईने 'बाळासाठी' चौथा लाडू खाल्लाच पाहिजे, हा हट्ट कशासाठी? उष्टावणाच्या खिरीचे बोट चाटवले, पुरे. दोन वर्षांच्या आत मुलाला वेगळी साखर लागत नाही.

मंडळे आरोग्याचे काहीच करत नाहीत असे नाही. मोफत शुगर तपासणी शिबिरे जवळजवळ सगळेच घेतात. अशा शिबिरांत मी स्वतः टेबलाशी बसलेली आहे. एका ठिकाणी बोट टोचून घेतलेल्या प्रत्येकाला बाहेर पडताना पेढ्याचे पाकीट मिळत होते, आणि मागच्या फलकावर प्रायोजक म्हणून मिठाईवाल्याचे नाव होते. कार्यकर्त्यांना त्यात काही विसंगत वाटले नाही. मलाही पाकीट मिळाले.

तर मागणे असे. चहा बिनसाखरेचा करा आणि शेजारी साखरेचा डबा व चमचा ठेवा. ज्याला तीन चमचे हवेत तो तीन घालेल, कोणी विचारणार नाही. आल्याचा चहा केला तर अर्ध्यांना साखर आठवणारही नाही, हा माझा अंदाज. कोजागिरीला आचाऱ्याला निम्मी साखर सांगा आणि थोडे दूध सरळ बिनसाखरेचे वेगळ्या पातेल्यात ठेवा. वेलची, केशर, जायफळ त्यात सढळ हाताने घाला, तिथे काटकसर नको. कोल्ड्रिंकच्या जागी मठ्ठा. पन्हे सुचवाल, पण त्यालाही साखर लागते, तेव्हा ते मर्यादेत. बक्षीस म्हणून पुस्तक, रंगपेटी, बॅडमिंटनचे फूल, काहीही द्या. प्रसाद प्रसादाएवढाच द्या. चिमूटभर खडीसाखरेला माझीच काय, कोणत्याही डॉक्टरची हरकत नसेल. उकडीचे मोदक जरूर करा, फक्त ते ताटात मोजून वाढण्याऐवजी मध्ये ठेवा आणि ज्याला हवा त्याला घेऊ द्या.

आणि वाढप्यांना एकच सूचना: विचारायचे एकदा. 'नको' आले की पुढच्या पानावर जायचे. कारण विचारायचे नाही.

हे सुरुवातीला विचित्र वाटेल, मंडळ कंजूष झाले असेही कोणी म्हणेल. ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करायला सांगितले तेव्हा याच गावातल्या लोकांनी नाके मुरडली होती, आणि आता पाहुण्यांना तेच अभिमानाने सांगतात. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना तर जरा जास्तच.

'वर्षातून एकदाच तर असतं', हा शेवटचा आक्षेप मला आताच ऐकू येतो आहे. तुमच्या मंडळाचे वर्षातून एकदा. पण आपल्यातला चारचौघांत वावरणारा माणूस तीन मंडळांचा सभासद असतो, कॉलनीचा गणपती वेगळा, भिशी वेगळी, कार्यालयातली दिवाळी वेगळी, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवे तर रोजचीच. प्रत्येकाचे 'एकदाच' त्याच्या एकट्याच्या यकृतात जमा होते.

यंदाच्या कोजागिरीला साखरेच्या टेबलाशी उभे राहायला माणूस हवे असेल तर मी येईन. बैठकीची तारीख सचिवांनी कळवावी. सकाळी नऊच्या आधी लॅबमध्ये गर्दी असते, त्यानंतर फोन केलेला बरा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
लोकमान्यनगरातील एक सभासद
(वर्गणी भरलेली आहे.)